मीठपाण्याचे थेंब

कुडचड्याच्या बाजारात, बसस्टँडसमोर
अकरा वर्षं मी औषधं विकते.
खोकला म्हटलं की हात आपोआप
डावीकडच्या तिसऱ्या फळीकडे जातो:
ओला, कोरडा, रात्रीचा, साखरवाल्यांचा,
प्रत्येकाची एक बाटली आहे.

आणि मडगावात, बारा नंबरच्या खाटेपाशी
डॉक्टर कुंकळ्येंकर म्हणतात, 'ह्यावर औषध नाही.'
पेन खिशातच.

अँटिबायोटिक?
'विषाणू आहे.'
वाफ? स्टेरॉइड? निदान एखादं सिरप?
'दहा आठवड्यांचं बाळ आहे, बाई.
फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजल्यात,
शेंबडानं भरल्यात.
श्वासाला आपण हात देऊ, दूध आपण पोचवू,
बाकीचं ती करील.
आज तिसरा दिवस. उद्या वाढेल. मग उतरेल.'

तिचं बारसं अजून व्हायचंय.
मनगटावरच्या पट्टीवर माझंच नाव,
स्नेहलता वेळीप यांचे बाळ.

चवथीला तिला माटोळीखाली निजवली होती.
सत्तावीस माणसं आली. तेव्हा मोजली नव्हती,
आता मोजते.
कुणीतरी शिंकत होतं, कोण ते आठवत नाही,
पापा मात्र सगळ्यांनीच घेतला.
आत घुमट वाजत होतं.
आता तिच्या बरगड्यांखालचं कातडं
तसंच दबतं, उठतं, दबतं,
ताल धरायला कुणी नाही.

सिस्टर एर्मेलिंदा झबलं वर करते,
घड्याळाकडे बघत पुरा मिनिटभर मोजते.
अडुसष्ट.
मग खिशातून छोटी बाटली काढते
आणि मी ती ओळखते.
मीठपाणी.
माझ्या दुकानात ती काउंटरखाली असते,
कापसाच्या मागे, कुणी मागितली तरच.
इतक्या कमी नफ्याची वस्तू
समोर कोण मांडतं?
ह्या नाकपुडीत दोन थेंब, त्या नाकपुडीत दोन,
मग नळीनं अलगद ओढून घेणं.
बाळ चिडलं, लाल झालं,
आणि दोन दिवसांत पहिल्यांदा
तोंड मिटून श्वास घेतला.
'एवढंच?'
'एवढंच. दुधाच्या आधी परत.'

नाकाशी प्राणवायू, गालांवर चिकटपट्ट्या,
आणखी एक नळी थेट पोटात.
माझं दूध मी सिरिंजमध्ये ओतते, खांद्याइतकं वर धरते.
ते आपल्याच वजनानं उतरतं.
हात उंच केला तर घाईनं, खाली आणला तर थबकतं.
वीस मिलीला किती वेळ लागतो
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर हावेरीची मंजव्वा.
तिच्या नवऱ्यानं बाहेरून बाटली आणली, मला दाखवली,
'ताई, तुम्ही दुकानवाल्या ना, हे देऊ?'
माझ्याच तिसऱ्या फळीवरची.
नको, म्हटलं.
दोनदा म्हणावं लागलं,
पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

चौथ्या रात्री दोनला यंत्र ओरडलं.
आकडा एकोणनव्वद.
एर्मेलिंदानं मान सरळ केली, नाक साफ केलं,
प्राणवायूची चावी जरा फिरवली,
आणि म्हणाली, 'राव गे बाय, राव.'
राव म्हणजे थांब. राव म्हणजे राहा.
मला म्हणाली की तिला,
मी विचारलं नाही.
नव्वद. नव्वद. एक्याण्णव.
बाहेर कुत्री भांडत होती.
चौऱ्याण्णव.

सातव्या दिवशी नळ्या काढल्या.
घरी जायच्या कागदावर औषधांच्या रकान्यात
फक्त ते थेंब.
इतकी आखूड चिठ्ठी
अकरा वर्षांत माझ्या काउंटरवर आली नव्हती.

खोकला अजून आहे. राहील म्हणे दोन-तीन आठवडे.
कुडचड्याच्या बसमध्ये ती खोकली
तशी सगळी बस वळून बघायला लागली.
मागची बाई म्हणाली,
'अहो, काहीतरी द्या तिला!'
देतेय, म्हटलं,
आणि ओढणी पुढे घेतली.